परदेशी पाहुणा बडोद्यात येतोय? इथल्या ऋतूंसाठी त्याची तयारी अशी करा

जुलैच्या मध्याला आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या जर्मन मुलीच्या बॅगेत सहा सुती फ्रॉक, एक मोठी उन्हाची टोपी आणि घोट्यापर्यंतचे चामडी बूट होते. ‘इथे खूप गरम असतं, सुती कपडे आण,’ एवढंच आमच्या घरातून तिला कळवलं होतं. दहाव्या दिवशी तिने पलंगाखालून बूट ओढले, तर चवड्यापासून टाचेपर्यंत हिरवट बुरशी. बोट लावलं की पावडरीसारखी उडत होती. फ्रॉक दोन-दोन दिवस दोरीवर ओलेच राहायचे. टोपी एकदाही बॅगेबाहेर निघाली नाही. चूक तिची नव्हती. आम्ही तिला मे महिन्याची माहिती देऊन जुलैत बोलावलं होतं.

हीच चूक मला ओळखीच्या घरांतून पुन्हा पुन्हा दिसते. दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून कारेलीबाग, फतेगंजपर्यंत आपल्या मराठी घरांत विद्यापीठाची परदेशी मुलं राहतात. कुणाची सून पोलंडची, कुणाचा जावई ब्राझीलचा, कुणाची नातवंडं तिकडेच जन्मलेली. सगळ्यांना आपण एकच शब्द सांगतो, ‘गरम’. मग माणूस आजारी पडला की ‘हवा मानवली नाही’ म्हणून मोकळे होतो. हवा मानवायला वेळ लागतो आणि तयारीही लागते. ती तयारी ऋतू अंगावर आल्यावर करून उपयोग नाही, दोन आठवडे आधी व्हायला हवी. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत. पहिले चार टप्पे सगळ्यांसाठी. पुढचे टप्पे पाहुणा ज्या ऋतूत उतरेल तिथून सुरू करा आणि वर्षभर फिरून या.

टप्पा १ : कपड्यांच्या आधी तारीख विचारा

‘समर’ म्हटलं की युरोप-अमेरिकेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जून, जुलै, ऑगस्ट येतात. आपला उन्हाळा तोवर संपलेला असतो. ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्याचे महिने तर पूर्ण उलटे. म्हणून निरोपात ‘उन्हाळा’, ‘हिवाळा’ हे शब्द वापरूच नका. महिना लिहा आणि अंश लिहा.

बडोद्याचं वर्ष त्याला असं सांगा. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत कोरडी उष्णता; मेमध्ये दुपारी ४१-४२ अंश नेहमीचेच, काही दिवस ४४ पर्यंत. जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो, कधी आठवडाभर मागेपुढे, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत राहतो. वर्षाचा साधारण ९०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा याच साडेतीन महिन्यांत पडतो. ऑक्टोबर हा दुसरा, छोटा उन्हाळा. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थंडी. पहाटे १२-१३ अंश, एखाद्या लाटेत १० च्याही खाली, आणि त्याच दिवशी दुपारी २८-३०.

अमेरिकेतून येणाऱ्याला फॅरनहाइटमध्ये कळवा. ४२ अंश म्हणजे जवळपास १०८, १२ अंश म्हणजे ५४. नुसतं ४२ म्हटलं तर त्याच्या हिशोबाने ती चांगलीच थंडी होते.

आता त्याला चार गोष्टी विचारा: कोणत्या तारखेला उतरणार, त्या आठवड्यात त्याच्या गावी किती तापमान असेल, रोजची कोणती औषधं चालू आहेत, आणि दमा, मधुमेह, त्वचेचा त्रास असं काही आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार कामाचं. जानेवारीत उणे पाचमधून निघालेला माणूस आणि केनियातून निघालेला माणूस एकाच विमानाने उतरले, तरी दोघांची तयारी वेगळी.

*तपासा:* तुमचा निरोप वाचून त्याला ‘मी पोहोचेन त्या दिवशी पाऊस असेल का?’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं का? मिळत नसेल तर पुन्हा लिहा.

टप्पा २ : निघण्याआधीचे आठ आठवडे

लसी आधी, खरेदी नंतर. पावसाळ्यात येणाऱ्याने तर सहा ते आठ आठवडे आधीच तिकडच्या डॉक्टरला भेटायला हवं. भारतात येणाऱ्यांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसी बहुतेक वेळा सुचवल्या जातात. धनुर्वाताची मुदत संपली आहे का तेही त्याच भेटीत पाहून घ्यावं.

रोजची औषधं असतील तर डॉक्टरला नेमकं असं विचारायला सांगा: ‘मी ४० अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या शहरात राहणार आहे, या गोळ्यांनी काही फरक पडेल का?’ लघवी वाढवणारी, काही ॲलर्जीची आणि काही मानसिक आजारांवरची औषधं शरीराला उष्णता सोसायला अवघड करतात. ती मनाने बंद करायची नाहीत, पण आधी माहीत हवं. औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट आणावीत.

कपड्यांत सगळ्यात जास्त चूक होते ती बाह्यांची. परदेशी माणूस उष्णतेसाठी तोकडे कपडे आणतो. आपल्याकडच्या मेमध्ये तोकड्यापेक्षा सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचा सदरा जास्त सोयीचा, कारण ऊन थेट कातडीवर बसत नाही. मुली स्कूटरवर ओढणी तोंडाला का गुंडाळतात ते एकदा समजावून सांगितलं की त्या स्वतःच मंगळबाजारात जाऊन ओढणी घेऊन येतात.

काय आणू नये तेही स्पष्ट लिहा. जाड जीन्स पावसात वाळत नाही. चामडी बूट, चामडी पट्टा, चामडी बॅग नको. जाड कोट नको. एक स्वेटर आणि एक पातळ जाकीट पुरतं. छत्री, रेनकोट, पावसाळी चप्पल इथेच घ्यायची, इथली इथल्या पावसासाठी केलेली असते.

टप्पा ३ : पाहुणा येण्याआधी खोली

आपण खोलीला रंग देतो, नवीन चादर घालतो आणि भिंत कोणत्या दिशेला आहे ते पाहत नाही. वरच्या मजल्याची, पश्चिमेची खोली मेमध्ये रात्री दहालासुद्धा भट्टीसारखी असते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडतो. शक्य असेल तर अशी खोली मार्च ते जूनमध्ये नवख्याला देऊच नका. द्यायचीच असेल तर धाब्यावर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा ताडपत्री लावा. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर काच तापलेली असते.

कूलर की एसी, हा प्रश्न पुष्कळ जण पैशावर सोडवतात. तो महिन्यावर सोडवा. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणून तो कोरड्या हवेतच चालतो: मार्च ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उत्तम. जुलैत हवेतच पाणी भरलेलं असतं, तेव्हा कूलर लावला की खोली गार होत नाही, चिकट होते. आणि कूलर लावताना खिडकी उघडी हवी. एसीची सवय असलेला पाहुणा दार-खिडकी घट्ट बंद करून कूलर लावतो आणि तासाभराने गुदमरून बाहेर येतो. हे त्याला करून दाखवा, नुसतं सांगू नका.

खोलीत कायम असाव्यात अशा वस्तू: मच्छरदाणी, बॅटरी, झाकणाचा माठ किंवा पाण्याची मोठी बाटली, ओआरएसची पाकिटं, तापमापक, आणि ट्रंकेत एक रजई. रजई मेमध्ये आलेल्यालाही दाखवून ठेवा. डिसेंबरच्या रात्री अकराला मागायला त्याला संकोच वाटतो.

*तपासा:* दुपारी चार वाजता त्या खोलीत स्वतः अर्धा तास बसा. बसवत नसेल तर पाहुण्यालाही बसवणार नाही.

टप्पा ४ : पहिले चौदा दिवस

उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय थोड्या थोड्या उन्हानेच लागते. दिवसभर एसीत बसून ती लागत नाही, आणि पहिल्याच दिवशी पावागड चढायला नेऊनही लागत नाही. आपला पाहुणचार नेमका इथे आडवा येतो: ‘आलाय तर शनिवारी चांपानेर दाखवू.’ चांपानेर पळून जात नाही. पहिले तीन दिवस फक्त सकाळ-संध्याकाळ बाहेर, मग रोज थोडा वेळ वाढवायचा.

एक गोष्ट आपल्यालाही सहज लक्षात येत नाही. देशाची घड्याळाची वेळ ८२.५ पूर्व रेखांशावर बांधलेली आहे, आणि बडोदं त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३ च्या जरा पुढे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, उन्हाळ्यात साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान. जमीन आणि हवा तापत राहतात ती त्याच्याही पुढे, आणि दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान साधारण तीन ते चारच्या सुमाराला होतं. नवखा माणूस बारा ते दोन घरात थांबतो आणि ‘ऊन उतरलं’ म्हणून साडेतीनला सायकल काढतो. नेमका सगळ्यात वाईट तास निवडतो. त्याला साडेअकरा ते साडेपाच ही वेळ सांगा.

बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैत सूर्य अगदी डोक्यावर येतो. जूनमध्ये आकाश मोकळं असेल तर त्याला अंगणात नेऊन दाखवा: उभ्या केलेल्या बादलीची सावली बादलीखालीच गेलेली असते. उत्तरेकडून आलेल्या माणसाने हे आयुष्यात पाहिलेलं नसतं. त्यानंतर टोपीबद्दल पुन्हा सांगावं लागत नाही.

पाणी किती प्यायचं याला लिटरचा हिशोब पुरत नाही. लघवीचा रंग पाहायला सांगा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. आणि नुसतं पाणी नको, जेवणात मीठ हवं. दुपारी जिरं-मीठ घातलेलं ताक, इथे ज्याला छास म्हणतात, ते रोज द्या. घरातलं बाकी पाणी शुद्ध असलं तरी बाहेरचा बर्फ आणि उसाचा रस पहिला महिनाभर टाळलेला बरा.

*सावधान:* एसी १८ वर ठेवून त्यातून थेट ४३ मध्ये जाऊ देऊ नका. २६-२७ वर ठेवा, सोबत पंखा. सवयही लागते आणि बिलही आटोक्यात राहतं.

टप्पा ५ : मार्च ते जूनचा मध्य

होळी झाली की चार-पाच दिवसांत पारा चढतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात कूलर धुऊन, गवत बदलून ठेवा.

हवामान खात्याचा ‘मौसम’ ॲप त्याच्या फोनवर घालून द्या आणि रंगांचा अर्थ सांगा: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. नारिंगी दिवशी कॉलेजला जायचंच असेल तर सकाळी जायचं आणि संध्याकाळी परतायचं, मधे वाचनालयात बसायचं. ॲपमधलं तापमान सावलीतलं असतं. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटला किंवा लोखंडी फाटकाला हात लावून पाहिला की फरक कळतो.

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या आहेत आणि घरातल्या प्रत्येकाला त्या ओळखता यायला हव्यात. पहिली: डोकं दुखणं, मळमळ, पायांत गोळे, खूप घाम, गळून जाणं. सावलीत आणा, कपडे सैल करा, ओआरएस थोडं थोडं पाजा. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं. अर्धं पाकीट एका ग्लासात ही नेहमीची चूक. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं.

दुसरी पायरी: असंबद्ध बोलणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं, अंग चटका बसेल इतकं तापलेलं, ताप ४० च्या वर. हा उष्माघात. तेव्हा १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओलं फडकं किंवा बर्फ ठेवा. कांदा, पन्हं, सब्जा हे घरात रोज चालू राहू द्या, पण भ्रमिष्टासारखं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाची गोळीही इथे उपयोगाची नाही.

घामोळ्यांवर तेलकट क्रीम चोळू नये, छिद्रं आणखी बंद होतात. गार पाण्याची अंघोळ, कोरडं अंग, सैल कपडा.

मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात. तौक्ते १७ मे २०२१ ला आणि बिपरजॉय १५ जून २०२३ ला गुजरातच्या किनाऱ्याला धडकलं. बडोदं किनाऱ्यापासून आत असलं तरी अशा वेळी सोसाट्याचा वारा सुटतो, झाडं पडतात, वीज जाते. त्या दोन दिवसांत किनाऱ्यावरची सहल रद्द.

टप्पा ६ : पाऊस येण्याआधी, १५ जूनच्या आत

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे चुकलं तर नुसता सर्दी-ताप होऊन सुटका होत नाही.

विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत जवळपास २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याची पातळी ओलांडून बरीच वर गेली आणि समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, वडसर अशा कितीतरी भागांत घरांत पाणी शिरलं. खोली देताना किंवा शोधून देताना एकच प्रश्न विचारा: २०१९ ला आणि २०२४ ला इथे पाणी कुठवर आलं होतं? शेजारी हात करून भिंतीवरची खूण दाखवतात. त्या खुणेखाली परदेशी मुलाला पावसाळ्यात ठेवू नका, भाडं कितीही कमी असो.

मग हे या क्रमाने करा:

१. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाची कागदपत्रं झिपच्या प्लास्टिक पिशवीत, वरच्या फळीवर. सगळ्यांचे फोटो फोनमध्ये आणि घरी मेलवर. ओला झालेला पासपोर्ट बदलून घ्यायला दूतावासापर्यंत फेऱ्या माराव्या लागतात.

२. तीन दिवसांचं पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, चार्ज केलेली पॉवर बँक, रोजची औषधं. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते कुठे ठेवायचं हे आत्ताच ठरवा. माठाच्या ओल्या गारव्यात, प्लास्टिकच्या डबीत ठेवलं तर तात्पुरती सोय होते.

३. घराचा मेन स्विच कुठे आहे ते दाखवा. पाणी प्लगच्या दिशेने चढू लागलं तर कोरड्या जागी उभं राहून तो आधी बंद करायचा.

४. कूलर रिकामा करून, कोरडा करून ठेवा. कुंड्यांच्या ताटल्या, धाब्यावरचे टायर, फुटके माठ उपडे करा.

५. चामडी वस्तू, कॅमेरा, वाद्यं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. कपाटाची दारं मात्र रोज तासभर उघडी, पंखा सुरू.

टप्पा ७ : पाऊस सुरू असताना

परदेशी माणूस सहसा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. बडोद्यात बातमी इंचांत येते आणि नदीची पातळी फुटांत, काळा घोड्याच्या पुलापाशी मोजलेली. त्याला सांगा: एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. हवामान खात्याच्या हिशोबाने चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर म्हणजे मुसळधार, ११५.५ च्या वर अति मुसळधार, २०४.४ च्या वर अतिवृष्टी. ‘आठ इंच पडला’ हे ऐकून तो खांदे उडवत असेल, तर ते सगळ्यात वरच्या पायरीच्या उंबरठ्यावर आहे हे त्याला समजलेलं नाही.

सगळ्यात घातक समजूत अशी की पाऊस थांबला म्हणजे पूर संपला. विश्वामित्रीत पाणी पावागडाच्या बाजूने आणि आजव्याच्या धरणातून येतं, आणि त्याला शहरात पोहोचायला वेळ लागतो. शहरात ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस ओसरल्यावरही पुष्कळ वस्त्या पाण्यातच होत्या. म्हणून आकाश पाहून बाहेर पडायचं नाही. आजव्याची आणि काळा घोड्याची पातळी पाहून पडायचं.

*सावधान:* साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. खाली उघडं गटार असू शकतं, विजेचा खांब जिवंत असू शकतो. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या गल्ल्यांत येतात, हे दोन्ही पुरांत शहराने पाहिलं. मगर दिसली तर लांब राहायचं, फोटोसाठी जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. परदेशी मुलं या बाबतीत जास्त उत्सुक असतात, हे आधीच ठासून सांगून ठेवा.

पुराच्या पाण्यातून चालावंच लागलं तर घरी येताच साबणाने पाय धुवा, जखमा झाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला सांगा की मी पुराच्या पाण्यात होतो. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे अशा पाण्यातून लागणाऱ्या तापाच्या आजाराचा, विचार डॉक्टरच्या मनात यायला हे एक वाक्य पुरतं, आणि नेमकं तेच वाक्य सांगायचं राहून जातं.

डासांचंही तसंच. सगळे रात्री मच्छरदाणी लावतात आणि दिवसा उघड्या पायांनी वावरतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मुख्यतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, आणि त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा आणि त्या दिवशी घरातली सगळी उघडी भांडी रिकामी करून घासा. आमच्याकडे रविवार आहे. ताप दुसऱ्या दिवशीही असला तर रक्त तपासा, मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही. तोवर फक्त पॅरासिटामॉल. परदेशी माणसाच्या पिशवीत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन हमखास असतं. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आणि गजकर्ण, म्हणजे नायटा. ओल्या कपड्यांत जांघेत, काखेत खाज सुटते, माणूस दुकानातून विचारून एक मलम आणतो, दोन दिवसांत बरं वाटतं. त्या मलमात बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दबते आणि बुरशी आतून पसरते. आमच्याकडच्या एका मुलाचं असं होऊन बरं व्हायला चार महिने लागले. मलमाच्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते लावू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. आतले कपडे इस्त्री करून, पूर्ण कोरडे झाल्यावरच घाला.

*तपासा:* विजांचा कडकडाट सुरू झाला की पाहुणा धाब्यावर व्हिडिओ काढायला तर गेला नाही ना? ‘दामिनी’ ॲप जवळ पडणाऱ्या विजांचा इशारा देतं, तेही घालून द्या.

टप्पा ८ : ऑक्टोबर आणि नवरात्र

पाऊस गेला की लोक सैल पडतात. आभाळ मोकळं, जमीन ओली, दुपार ३५-३६ ची. याला इथे बफारो म्हणतात आणि तो मेपेक्षा जास्त थकवतो, कारण घाम वाळत नाही. पाण्याचे आणि दुपारचे टप्पा ४ मधले नियम परत लागू करा. डेंग्यूही अजून संपलेला नसतो.

याच काळात नवरात्र येते. बडोद्याचा गरबा म्हणजे मोठमोठ्या मैदानांवर हजारो माणसं, पुष्कळ ठिकाणी अनवाणी, नऊ रात्री. नवख्याला पहिल्या रात्री पूर्ण वेळ खेळू देऊ नका; एका रात्रीत तळव्यांना आलेले फोड उरलेल्या आठ रात्री खातात. दोन दिवस आधी अंगणात अनवाणी चालायला लावा. मैदानावर जाताना पाण्याची बाटली, परतल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात पाय. खडा लागून जखम झाली तर धनुर्वाताची तारीख टप्पा २ मध्ये पाहिलेली आहेच.

दिवाळीच्या आठवड्यात दम्याच्या माणसाने इनहेलर खिशात ठेवायचा.

टप्पा ९ : थंडी

टांझानियाच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका मुलाने डिसेंबरात मला विचारलं होतं, ‘काकू, घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी का?’ कॅनडातून आलेल्या मुलीनेही तेच विचारलं. आपली घरं उष्णता बाहेर टाकायला बांधलेली आहेत. फरशी दगडी, खिडक्यांना फटी, हीटर नाही. थंड देशातल्या माणसाला बाहेरच्या थंडीची सवय असते, घरातल्या थंडीची नसते. सपाता, मोजे आणि अंथरुणाखाली एक जास्तीची गोधडी एवढ्याने प्रश्न मिटतो.

*सावधान:* बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालवू देऊ नका. दोन्हीतून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस न कळत बेशुद्ध होतो. गीझर न्हाणीघराबाहेर हवा आणि अंघोळीच्या वेळी झरोका उघडा. हे परदेशी मुलांना ठाऊकच नसतं, कारण तिकडे गरम पाणी भिंतीतून येतं.

या दिवसांत मधेच एखादं मावठं येतं, म्हणजे अवकाळी पाऊस. छत्री पेटीत घालू नका.

१४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायणात, सगळं शहर पतंग उडवायला धाब्यावर असतं. सकाळी स्वेटर, अकरानंतर टोपी आणि उन्हाचं क्रीम; थंडी आहे म्हणून ऊन लागत नाही असं नाही. बोटांना चिकटपट्टी, कठडा नसलेल्या बाजूला पाठ करायची नाही. दुचाकीवर गळ्याला जाड मफलर हवाच, आणि उत्तरायणाच्या आगेमागे आठवडाभर हवा, कारण रस्त्यावर आडवा आलेला मांजा गळा कापतो.

बडोद्याबाहेर जाताना

इथलं वेळापत्रक देशभर चालत नाही, आणि सुट्टी लागली की ही मुलं लगेच निघतात. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. हिमाचल-उत्तराखंडात जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. दिल्लीकडे डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, तेव्हा विमानाची जोडणी गाडीच्या भरवशावर ठेवू नये. मुंबईचा पाऊस आपल्या दुपटीहून जास्त. तिकीट काढण्याआधी त्या गावाचा तो महिना पाहायची सवय लावून द्या.

फेब्रुवारीच्या शेवटी

रजया, गोधड्या दोन दिवस कडक उन्हात घालून ट्रंकेत टाका. त्याच दिवशी कूलर खाली काढा, टाकी घासा, जाळ्यांतलं गवत बदला, मोटर चालवून पाहा. हे काम पाहुण्याला सोबत घेऊन करा. पुढच्या वर्षी नवीन आलेल्याला खिडकी उघडी का ठेवायची ते तोच दाखवेल.